एकोणीस खुर्च्यांचा पाडा

माणसाच्या दुःखाचं मूळ वस्तूंमध्ये आहे, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. ज्यांच्याकडे वस्तू आहेत त्यांनीच ते शोधून काढलं, त्यामुळे त्यात चूक असण्याचा संभव नाही. ज्यांच्याकडे वस्तू नाहीत त्यांना दुःखाचं मूळ भलतीकडेच दिसतं (पाणी, दवाखाना, रस्ता वगैरे). पण त्यांचा या विषयाचा अभ्यास नाही.

अभ्यास आहे तो ‘पुरेसं प्रतिष्ठान’ या संस्थेचा. कार्यालय ठाण्याला, सातव्या मजल्यावर. आत शिरलं की पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी आणि मधोमध एक गोल दगड. बाकी काही नाही. (खुर्च्या, टेबलं, कपाटं आणि एसी आतल्या खोलीत आहेत. ती खोली दाखवत नाहीत.) संस्थेच्या संस्थापक ताईंकडे सर्व मिळून तेहतीस वस्तू आहेत, हे त्या प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला सांगतात. फ्लॅट, गाडी आणि कर्जतचा बंगला या वस्तू नसून जबाबदाऱ्या असल्यामुळे त्या यादीत येत नाहीत. ड्रायव्हर तर माणूसच आहे.

संस्थेने ‘समाधानी वस्ती’ ही स्पर्धा जाहीर केली. गाव, पाडा, चाळ, सोसायटी, सगळ्यांना एकच नियम, एकच तक्ता. गरीब-श्रीमंत हा भेदभाव संस्थेला मान्य नाही. पहिलं बक्षीस पाच हजार लिटरची पाण्याची टाकी आणि खालून वर पाणी चढवणारा सौर पंप. कमी वस्तूंत सुखी राहणाऱ्यांना बक्षीस म्हणून वस्तूच का, असं एका वार्ताहराने विचारलं. त्याला आणखी एक इडली वाढण्यात आली आणि प्रश्न मिटला.

नियम दोनच महत्त्वाचे. पहिला: मोजणी अधिकाऱ्याला वस्तीत प्रत्यक्ष दिसलेल्या वस्तूच धरायच्या. ऐकीव माहिती, शेजाऱ्यांचे जबाब आणि अधिकाऱ्याची स्वतःची अक्कल ग्राह्य नाही. दुसरा: सोडलेल्या वस्तूंना उरलेल्या वस्तूंनी भागायचं, आलेल्या आकड्याला समाधान म्हणायचं.

या दुसऱ्या नियमामुळे मोखाडा तालुक्याची सुरुवातीलाच पंचाईत झाली. कारण इथे उरलेल्या वस्तू कमी असल्या तरी सोडलेल्या वस्तू कोणाकडेच नव्हत्या. संस्थेच्या पुस्तिकेत याचा खुलासा आहे: ज्याच्याकडे कधी नव्हतंच त्याला त्याग करता येत नाही, त्याला फक्त गैरसोय होते.

तरीही सूर्यमाळच्या वरच्या अंगाला असलेल्या सावरीपाड्याने अर्ज भरला. एकोणीस घरं. पाऊस इतका पडतो की माणूस वैतागतो आणि होळीनंतर पाणी इतकं आटतं की तो पाऊस खरंच पडला होता का, अशी शंका येते. पाणी खाली दरीतल्या झऱ्यावर. एक खेप पाऊण तासाची, त्यातली चढणीची पंचवीस मिनिटं डोक्यावर हंडा घेऊन.

अर्जावर अंगठा होता जिवाचा, पण अर्ज करायला लावला होता त्याच्या बायकोने, ठकीने. त्यांची सून रंजना हिला दिवस गेले होते. ठकीने बोटांवर महिने मोजले. बाळंतपण येत होतं चैत्रात, म्हणजे ऐन टंचाईत.

“आठव्या-नवव्यात ही हंडा घेऊन चढनार,” ठकी म्हणाली. “मी चढले होते. माझा पयला कसा गेला त्ये तुला म्हाईत हाय.”

जिवाला माहीत होतं. त्याने अंगठा दिला.

मोजणी नवरात्रात झाली, कारण दिवाळीनंतर अर्धा पाडा कामाला भिवंडीकडे जातो आणि कुलपाला समाधान विचारता येत नाही. मोजणी अधिकारी होता हरेश. जव्हारचा मुलगा, पदवीधर, अकरा महिन्यांच्या करारावर. सोबत फाइल, तक्ता आणि गळ्यात ‘पुरेसं’ असं लिहिलेलं ओळखपत्र.

आता इथली एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाचकाला खोटं वाटेल.

सावरीपाड्यात खुर्ची एक आहे. लाल, प्लास्टिकची. एका निवडणुकीत बूथवर आली होती, परत न्यायला कोणी आलं नाही (खुर्चीसाठी आलेली माणसं खुर्ची विसरून गेली, असं एरवी घडत नाही). तिचा मागचा डावा पाय मोडला, तो तारेने बांधलेला आहे. तशीच पाड्यात गुलाबाच्या फुलाची एक कपबशी आहे, एक कोरा टॉवेल आहे आणि काठ न चेपलेला एक स्टीलचा पेला आहे. कोणाच्याही घरी पाव्हणा आला की हे चारी जिन्नस त्या घरी जातात. पाव्हणा पुढच्या घरी निघाला की जिन्नस मागच्या दाराने त्याच्याआधी तिथे पोहोचतात. नेतो मंगळू. वय सत्तरीचं, खुर्ची डोक्यावर, कपबशी हातात. ही वस्तू कोणाची, असं कोणी विचारत नाही. पाव्हणा जिथे बसला, त्या घरची.

त्यामुळे हरेशला पहिल्या घरात लाल खुर्ची मिळाली, गुलाबाच्या कपात कोरा चहा मिळाला, आणि त्याने नोंद केली: खुर्ची एक, कपबशी एक, पेला एक, टॉवेल एक. दुसऱ्या घरात तसंच. तिसऱ्या घरात तसंच. चौथ्या घरात त्याने खाली वाकून खुर्चीचा पाय बघितला.

सातवं घर गोदीचं. ती एकटी बाई, मिळेल ती मजुरी करते. तिच्या दारात बसल्यावर हरेशला राहवलं नाही.

“मावशी, ही खुर्ची मघाची का?”

“मघाची कंची?” गोदी म्हणाली.

“मागच्या घरातली.”

“माझ्या दारात बसलास ना तू?”

“हो.”

“मंग माझी हाय. बस गुमान. चा निवतोय.”

घराच्या मागे मंगळूला ठसका लागला. पण शेजाऱ्यांचे जबाब ग्राह्य नाहीत, ठसक्याचा तर नियमांत उल्लेखच नाही. हरेशने लिहिलं: खुर्ची एक.

संध्याकाळपर्यंत एकोणीस घरं झाली. हरेशच्या पोटात एकोणीस कोरे चहा होते आणि तक्त्यात एकोणीस खुर्च्या.

संस्थेचा निरीक्षण अहवाल पंधरा दिवसांत आला. एवढं झोकून देऊन केलेलं संशोधन आपल्याकडे क्वचित दिसतं. त्यातला भाग असा: ‘वस्तीतील शंभर टक्के कुटुंबांकडे लाल रंगाची खुर्ची आढळली. सर्व एकोणीस खुर्च्यांचा मागचा डावा पाय मोडलेला असून तो तारेने बांधलेला आहे. यावरून वस्तीने एकाच सदोष मालाची घाऊक खरेदी केल्याचे दिसते. सर्व घरांत गुलाबाच्याच फुलाची कपबशी असणे, हे शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याकडे हवेच या शहरी हव्यासाचे लक्षण होय. डोंगराळ भागात उपभोगवाद एवढा खोल पोहोचला असेल, याची कल्पना नव्हती.’

समाधान: शून्य. शेरा: वस्ती चंगळवादी.

मात्र संस्था क्षमाशील होती. चुकलेल्या वस्त्यांसाठी ‘स्वेच्छा त्याग दिन’ ठेवण्यात आला. जादा वस्तू संस्थेच्या टेम्पोत जमा करायच्या, पावती घ्यायची, की त्यागाच्या रकान्यात आकडा चढतो. सावरीपाड्याने एकोणीस खुर्च्या आणि इतर सत्तावन्न जिन्नस जमा केले आणि फक्त हंडे-गोधड्या ठेवल्या तर तो थेट पहिल्या क्रमांकावर जाणार होता.

जिवा टेम्पोकडे गेला.

“साहेब, खुर्ची येकच हाय.”

“मला माहीत आहे, जिवादादा,” हरेश म्हणाला. “पण कागदावर एकोणीस आहेत. एक दिली तर अठरा लपवल्या असं होतं.”

“मंग आनू कुठनं?”

हरेशने पावतीपुस्तक काढलं. तो पहिल्या घराच्या ओट्याशी गेला. लाल खुर्ची आली, तो तिच्यावर बसला, तिचीच पावती लिहिली, उठला, खुर्ची टेम्पोत चढवली. दुसऱ्या घराकडे वळला. तिथे पावती लिहायला बसायला काही नव्हतं.

मंगळूने हे पाहिलं. पाव्हणा दुसऱ्याच्या दारात पोहोचला आणि खुर्ची अजून टेम्पोत, असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तो टेम्पोत चढला, खुर्ची डोक्यावर घेतली आणि आणून ठेवली.

“अहो आजोबा, ही जमा झाली,” हरेश म्हणाला.

“झाली तर झाली. लिव्हनार कशावं बसून तू?”

हरेश बसला. नियमांत असं कुठेही म्हटलेलं नाही की अधिकाऱ्याने बसलेल्या खुर्चीची पावती लिहू नये. दुपारी दोनपर्यंत एकच खुर्ची एकोणीस वेळा सोडण्यात आली. कपबशी, पेला आणि टॉवेल यांनीही आपापल्या जागी एकोणीस वेळा त्याग केला. एवढ्या सातत्याने त्याग मोठमोठ्या माणसांना जमलेला नाही. शेवटी पाड्याचे चारही जिन्नस घेऊन टेम्पो घाट उतरला आणि मंगळू रिकाम्या डोक्याने घरी गेला.

(संस्थेच्या गोदामात शहात्तर वस्तू जमा असल्याची नोंद आहे. प्रत्यक्षात चार आहेत. गोदामही कमी वस्तूंच्या तत्त्वावर चालत असल्यामुळे ही तूट नसून यश आहे, असं लेखापरीक्षकांनी मान्य केलं.)

तोवर झालेल्या मोजणीत सावरीपाडा पहिला आला. राहिली फक्त अंतिम पडताळणी. चिठ्ठी टाकून एक घर निवडणार, मार्चमध्ये स्वतः ताई तिथे येणार, काही जादा दिसलं नाही तर टाकी पक्की. पाडा तेव्हा निम्मा रिकामा होता. रंजनाचा नवरा पंकजही कामावर गेलेला. चिठ्ठी निघाली जिवाच्या घराची.

ताई येण्याच्या आदल्या दिवशी उरलेली माणसं जिवाच्या ओट्यावर जमली. रंजनाला आठवा सरत आला होता. ती नुकतीच झऱ्यावरून आली होती, हंडा उतरवून भिंतीला टेकली होती आणि तिला बोलायला दम नव्हता.

“खुर्ची नाय आनायची,” जिवाने बजावलं. “कुनी नाय. खालच्या पाड्यातनं पन नाय.”

“भुईला बसतील,” गोदी म्हणाली.

“न्हाई बसले तर?”

“उभी ऱ्हातील. पाय हायेत ना त्यास्नी.”

 सगळे मंगळूकडे बघायला लागले.

“माझ्याकडं काय बघता,” तो म्हणाला. “मी काय आवशीच्या पोटातनं खुर्ची घेऊन आलतो?”

“आत्या,” रंजना दम घेत सासूला म्हणाली, “काय पन कर. उद्या फकस्त खुर्ची नको.”

ठकीने मान हलवली. “नाय आनत.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ताई आल्या. गाडी खालच्या वळणावर राहिली, पुढचा चढ पायी. अंगावर हातमागाची पांढरी साडी (तेहतिसातली नववी वस्तू), मागे हरेश. दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुर्चीइतका लाल झाला होता, म्हणजे जी खुर्ची आता तिथे नव्हती तिच्याइतका.

ठकीने भुईला गोधडी अंथरली. “बसा, ताई.”

“नको गं,” ताई म्हणाल्या. “माझे दोन्ही गुडघे बदललेत. खाली बसता येत नाही. मी उभीच बरी.”

आणि त्या उभ्या राहिल्या. दाराच्या चौकटीला धरून.

एक मिनिट गेलं. ताई म्हणाल्या, किती शांत आहे इथे. दुसरं मिनिट गेलं. हरेश तक्त्याकडे बघत होता. जिवा बायकोकडे बघत होता. ठकी जमिनीकडे बघत होती. तिसऱ्या मिनिटाला ताईंनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि अगदी बारीक कण्हल्या.

ठकी उठली. मागच्या दारापाशी गेली. मंगळू तिथे उभाच होता. कोणी बोलावलं नव्हतं.

“जा,” ठकी म्हणाली.

जिवाने ऐकलं. “ठके.”

“म्हातारी बाई हाय. माझ्या दारात उभी हाय.”

“टाकीचं काय मंग?”

“टाकीला काय गुडघे हायेत?” ठकी म्हणाली.

इथे वाचकाने लक्षात घ्यावं की ही चूक होती. हिला व्यवहार म्हणत नाहीत. शिकल्यासवरल्या माणसाच्या हातून ती झाली नसती.

मंगळू खालच्या पाड्यात गेला आणि अर्ध्या तासाने आला. यावेळची खुर्ची निळी होती. तोवर ताई उभ्या राहून साधेपणावर बोलत होत्या. खुर्ची दारात आली तेव्हा तिच्यावर वाटेतली धूळ होती. ती पुसली रंजनाने. वाकता येत नव्हतं म्हणून एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने पदराने. पुसून झाल्यावर तिने खुर्ची ताईंच्या मागे सरकवली.

“बसा,” ती म्हणाली.

ताई बसल्या. डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास सोडला. मग रंजनाच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, “किती गोड माणसं आहात तुम्ही. तुमच्याकडे काही नाही, तरी तुम्ही किती सुखी आहात.”

मग पर्समधून पेन काढलं (वस्तू क्रमांक एकतीस) आणि तक्त्यात लिहिलं: खुर्ची एक, रंग निळा. शेरा: लाल खुर्च्या सोडल्यानंतर पाच महिन्यांत वस्तीने नवीन रंगाच्या घेतल्या. हव्यास सुटलेला नाही. अपात्र.

हरेश म्हणाला, “ताई, ही त्यांची नाही. तुमच्यासाठी आणली.”

“हरेश,” ताई प्रेमाने म्हणाल्या, “अंदाज नकोत. मला दिसली ना?”

दिसली होती. त्यात वाद नाही.

आता बक्षीस कोणाला द्यायचं हा प्रश्न होता आणि एप्रिलच्या आत द्यायचं होतं, कारण टाकीवर प्रायोजकाचं नाव छापून तयार होतं. शहराकडची एकच मोजणी बाकी होती: ठाण्यातली एक सोसायटी, चार इमारती, दोनशे बारा फ्लॅट. हरेश तिथे एका दुपारी सव्वा वाजता गेला. गेटवर वॉचमनने अडवलं. हरेशने ओळखपत्र दाखवलं. वॉचमनने एकेका फ्लॅटला इंटरकॉम लावायला सुरुवात केली.

हरेश पन्नास मिनिटं उभा होता. ऊन होतं, त्याने फाइल डोक्यावर धरली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे बाहेरच्यांना गेटवर बसायला काही ठेवत नाहीत, नाहीतर ते बसतात. पाणी मागितलं तर वॉचमनने स्वतःच्या बाटलीतले दोन घोट दिले. बाटली वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीची असल्यामुळे धरली नाही. आत एकही माणूस त्याला सोडेना, त्यामुळे आतली एकही वस्तू त्याला दिसली नाही. दिसल्या त्या फक्त गेटबाहेर टाकलेल्या: एक सोफा, एक व्यायामाचं यंत्र, आणि मुलांची एक सायकल, जवळजवळ नवी. वर कागद चिकटवलेला: ‘कोणीही न्यावे.’

हरेशने प्रामाणिकपणे नोंद केली. सोडलेल्या वस्तू: तीन. उरलेल्या वस्तू: शून्य.

तिनाला शून्याने भागलं असता काय येतं, हे संस्थेच्या संगणकाला माहीत नव्हतं. गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांना विचारण्यात आलं. असा भागाकार करता येत नाही, असं ते म्हणाले. पण फारच आग्रह असेल तर अनंत म्हणा, असंही म्हणाले. त्यावर ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनशे बारा कुटुंबं आणि एकही वस्तू नाही. अनंत समाधान. याहून मोठा आकडा जगात नाही.

रंजनाला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झऱ्यावरच कळा सुरू झाल्या. ठकी आणि गोदीने तिला चढणीवरून आणलं, हंडा मंगळूने घेतला. गाडी मिळाली, मोखाड्याला पोहोचले. मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे. चौदा दिवस काचेच्या पेटीत होती, आता घरी आहे. हरेश बघायला गेला होता, त्याचा करार तेव्हा संपलेला होता. सवयीने त्याने मनातल्या मनात नोंद केली: येताना सोबत आणलेल्या वस्तू, शून्य. त्याला दारात निळी खुर्ची मिळाली. ती अजून परत गेलेली नाही, कारण पाव्हणे येतायत. पाणी झऱ्यावरूनच येतं.

टाकी तुम्ही पाहिली आहे.

गाड्या लावता त्याच्या मागे, जनरेटरच्या बाजूला. हिरवी. तिच्यातल्या पाण्याने सकाळी तुमची गाडी धुतात. ही कुठून आली, असं तुम्ही एकदा लिफ्टमध्ये कोणाला तरी विचारलंतही होतं, आणि त्याने खांदे उडवले होते. आता कळलं. अभिनंदन.

हरेशलाही तुम्ही ओळखता. कॅमेऱ्यात दिसला होता तुम्हाला, फाइल डोक्यावर धरून उभा. वॉचमन म्हणाला होता, साहेब, कोणीतरी आलाय, वस्तू मोजायच्या म्हणतो, पाणी मागतोय. तुम्ही जेवत होता. खुर्चीवरून न उठता तुम्ही फोन कानाला लावलात आणि अगदी खालच्या आवाजात म्हणालात, “सांग, घरी कोणी नाही.”